शेवयांच्या वाडग्यातलं पाणी

मखमलाबाद, नाशिक
९ जून २००२

चि. मनोजला ताईचे अनेक आशीर्वाद.

आप्पा सुखरूप पोचले हे तुला फोनवर कळलंच. पण बारकूकाकांच्या दुकानातल्या फोनवर काय बोलणार? अर्धी आळी किराणा घ्यायच्या निमित्तानं कान देऊन उभी असते. म्हणून हे पत्र.

आप्पांचं व्हिएतनाम आता आळीत सगळ्यांना पाठ झालंय. विमानाचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. तुझी कंपनी घरच्या एका माणसाला तिकीट देते याचं कौतुक त्यांच्यापेक्षा अक्काबाई आत्यालाच जास्त. आप्पा सांगतात ते एकच, तुझ्या खोलीखालच्या गल्लीतली खाणावळ. वर पत्रा, खाली घोट्याएवढी प्लास्टिकची स्टुलं. बसलं की गुडघे कानाशी येतात म्हणे. आणि ती चालवणारी बाई. तिचं खरं नाव त्यांच्या जिभेला वळत नाही. आपल्या भाजीबाजारातल्या रंगूबाईसारखी कमरेवर हात ठेवून गिऱ्हाइकाला दटावते, म्हणून आप्पांनी तिचं नाव रंगूबाईच ठेवलंय.

तू कामावर गेलास तरी ते सकाळभर तिच्याकडेच बसून असत, हे मला माहीत नव्हतं. पाण्यातल्या शेवयांच्या वाडग्याबरोबर कच्च्या पाल्याची ताटली देतात ना, पुदिना, सब्जा, कोथिंबीर, त्याच्या जुड्या आप्पा बांधून देत. "ती बाई जुडी आवळून बांधायची, मधली पानं काळी पडायची. मी तिला सैल बांधाय शिकवली, बुडाला ओलं फडकं," हे मी आतापर्यंत तीनदा ऐकलं. बोलायला एक शब्द सामाईक नसताना दोघांनी तासन्‌तास काय केलं असेल, देव जाणे.

आत्यानं मात्र वेगळीच गोष्ट लावून धरली आहे. कुणीही आलं की ती आईच्या दहाव्यापासून सुरू करते. गोदाघाटावर पिंड ठेवून तास झाला, कावळा शिवेना. आत्यानं तुझ्या लग्नाचं कबूल केलं, मी आप्पांना सांभाळीन म्हटलं, तरी नाही. मग आप्पांनी टोपी काढली आणि म्हणाले, "सखू, आजपासून कोंबडी, मटण, मासळी तोंडाला लावणार नाय. ये आता." टोपी पुन्हा डोक्यावर जायच्या आत कावळा पिंडावर. आत्याच्या गोष्टीत आता चाळीस कावळे झालेत, आपण मोजले तेव्हा सात होते. आणि शेवट असा की माझा भाऊ साता समुद्रापार गेला, जिथं लोक काय काय खातात, पण घाटावरचा शब्द त्यानं मोडला नाही. हे ऐकताना आप्पा उठून मळ्यात जातात. स्वतःचं कौतुक त्यांना कधी सोसलंच नाही.

आता माझं काम. आई गेल्यापासून सोळा महिने मी त्यांना अर्ध्या भाकरीच्या पुढे जाताना पाहिलं नव्हतं. तुझ्याकडून आले ते गाल भरून आले. मला इतकं बरं वाटलं. पण आल्यापासून पुन्हा तेच, ताट समोर ठेवलं की चिवडत बसतात. त्यांना त्या शेवयांची आठवण येत असणार. मी विचारलं, पाण्यात काय काय घालतात हो? तर म्हणाले, "मनोजला विचार."

तर कृती पाठव. नीट लिही, तुझ्या इंजिनीअरच्या भाषेत नको.

तुझी,
साधनाताई

*

हो ची मिन्ह सिटी
२७ जून २००२

सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. कृती लिहितो.

शेवया तांदळाच्या, पांढऱ्या, चपट्या. सोऱ्यातून पाडता येतील. घोटीचा तांदूळ घे, जुना नको, चिकटपणा हवा. कांदा आणि आलं सालीसकट विस्तवावर काळं होईपर्यंत भाजायचं. दालचिनी, चक्रीफूल, धणे कोरडे भाजायचे. वरून कांद्याची पात, कोथिंबीर, मोड आलेले मूग कच्चेच, लिंबू, मिरची. पाला प्रत्येकानं आपापल्या हातानं तोडून घालायचा. आप्पांना हेच सगळ्यात आवडलं होतं. म्हणायचे, जेवताना मळ्यात बसल्यासारखं वाटतं.

पाणी भाज्यांचं असतं. मुळा, गाजर, कांदा. बराच वेळ उकळ.

इथे पाऊस रोज दुपारी ठरलेल्या वेळी येतो. कारखान्यातलं दुसरं यंत्र बसलं. रंगूबाई अजून आप्पांची चौकशी करते, पांढऱ्या टोपीची खूण करून. जुड्या सैल बांधते आणि मला मुद्दाम दाखवते.

आप्पांना जेवायचा आग्रह फार करू नकोस. जेवतील.

तुझा,
मनोज

*

मखमलाबाद
१६ जुलै २००२

चि. मनोज,

तुझ्या शेवयांनी माझा रविवार खाल्ला. उकड सैल झाली, सोऱ्यातून शेवयांऐवजी लापशी आली. दुसऱ्या घाण्याला जमलं. कांदा-आलं भाजल्यावर घरभर असा वास सुटला की तुझे भाऊजी वर्तमानपत्र टाकून स्वयंपाकघरात आले. आत्यानं दोन वाट्या खाल्ल्या आणि वर म्हणाली, चिनी लोकांनासुद्धा आपल्यासारखं वाटण भाजायचं कळतं म्हणायचं. ते चिनी नव्हेत, हे मी तिला सांगायचं सोडून दिलंय.

आप्पांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "चव हाय, पण बूड नाय."

मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाले काही नाही, चांगलं झालंय, आणि वाटी घेऊन बाहेर ओट्यावर गेले. हल्ली ते जेवतात ओट्यावरच. आत उकडतं म्हणतात. जुलै महिन्यात, पाऊस लागलेला असताना. तिथं डासांत, भिंतीकडे तोंड करून बसतात. स्वयंपाकघरात आईचा फोटो लावलाय तिथं सोळा महिने त्यांचा पाट होता, तो आता रिकामाच असतो. मी परवा गमतीनं म्हटलं, आईशी भांडण झालं का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला निघून गेले.

मनोज, त्यांचं वजन उतरलंय. डॉक्टर म्हणतात काही नाही, वयाचं आहे. मला तसं वाटत नाही. एकदा ज्या अन्नावर मन बसलं ते मिळालं तर माणूस सावरतो, हे मी आईच्या आजारात पाहिलंय. तेव्हा तू रंगूबाईला नीट विचार. मुळा किती, गाजर किती, आणखी काय घालते. काहीतरी राहिलंय. तू विसरला असशील.

आणि एवढं आखडतं पत्र लिहू नकोस. तार वाटते.

तुझी,
ताई

*

हो ची मिन्ह सिटी
३ ऑगस्ट २००२

ताई,

हे पत्र तू एकटी असताना वाच. वाचून झालं की चुलीत घाल.

मी विसरलो नाही. ते पाणी कोंबडीच्या हाडांचं असतं. वर खारवलेल्या माशांच्या पाण्याचे दोन चमचे. इथे ते प्रत्येक पदार्थात असतं, आपल्याकडे मीठ असतं तसं.

तू विचारशील की मला कधी कळलं. मला पहिल्यापासून माहीत होतं.

आप्पा आले तेव्हा पहिले चार दिवस ते केळी आणि तू दिलेल्या दशम्यांवर होते. मी खोलीवर भात लावला तर म्हणाले, तुझ्या पातेल्यात आधी काय शिजलंय मला म्हाईत नाय, राहू दे. चौथ्या दिवशी जिना चढताना त्यांना अंधारी आली. मी घाबरलो. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना खाली घेऊन गेलो. त्या बाईला सांगितलं, मांसाचे तुकडे नकोत. तिनं मान हलवली, तुकडे बाजूला काढले आणि त्याच पातेल्यातलं पाणी वाडग्यात ओतलं. आप्पांनी विचारलं, "कशाचं हाय?" मी म्हटलं, भाज्यांचं.

ते प्यायले. वाडगा उचलून तळ दिसेपर्यंत. मग रुमालानं मिशा पुसून म्हणाले, "उद्या पण इथंच यायचं का?"

मला वाटलं होतं एकदाच. अंगात थोडी ताकद येऊ दे, मग बघू. पण ते रोज जायला लागले. माझी वाट न बघता जायला लागले. अठरा दिवस, ताई. मी रोज समोर बसून बघत होतो आणि रोज मला घाट दिसत होता. त्यांनी टोपी काढली तेव्हा ती मीच हातात धरली होती.

अजून एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटंच राहील. इथे बुद्धाच्या देवळातल्या जोगिणी खाणावळी चालवतात, शुद्ध शाकाहारी, मसाल्यापर्यंत सगळं तपासून. हाच पदार्थ तिथे मिळतो. आप्पा इथे असतानाच माझ्याबरोबरच्या एका फिटरनं मला ते सांगितलं. मी त्यांना नेलं नाही. तासाभराचा रस्ता होता, यंत्राची चाचणी चालू होती, आणि आप्पा खाली खुशीत होते. आपणहून खाणाऱ्या माणसाला आता कुठे हलवा, असं मी मनाशी म्हटलं.

आई सुटली ती त्यांच्या त्या शब्दावर. मी तो त्यांच्या नकळत मोडला. आता तिचं काय झालं असेल, असा विचार मी इंजिनीअर असून करतो. हसू नकोस.

मी आप्पांना लिहू का?

मनोज

*

मखमलाबाद
२१ ऑगस्ट २००२

मनोज,

पत्र चुलीत घातलं. वाचून हसले नाही.

दोन दिवस मी आप्पांना ताट भाऊजींच्या हाती पाठवलं. मी समोर गेले असते तर त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असतं. तिसऱ्या दिवशी गेले, तर ओट्यावरून म्हणाले, "काय गं, आजारी होतीस?" मी हो म्हटलं. आता मीही खोटं बोलायला लागले, तुझ्यामुळे.

आप्पांना लिहू नकोस. अजिबात लिहू नकोस. त्यांच्याजवळ आईचं म्हणून उरलंय ते एवढंच. चाळीस वर्षं तिनं त्यांच्यासाठी परसात वेगळी चूल मांडली, वेगळी भांडी ठेवली, स्वतः नाकाला पदर लावून त्यांची कोंबडी शिजवली. आजारपणात एकदा म्हणाली, आता तरी सोडा. ते म्हणाले, पुढच्या महिन्यापासून. पुढचा महिना तिला मिळाला नाही. म्हणून घाटावर त्यांनी तेच दिलं. हे तुला माहीत होतं.

अंधारी आली म्हणून एक वाडगा, हे मी समजू शकते. मीही कदाचित तेच केलं असतं. पण मला एका गोष्टीचं उत्तर दे. त्या जोगिणींचं तुला कळलं तेव्हा आप्पांचे किती दिवस उरले होते? दोन? तीन?

मी शेवया करायचं बंद केलंय. विचारलं तर सांगीन, चक्रीफूल संपलं.

ताई

*

हो ची मिन्ह सिटी
८ सप्टेंबर २००२

ताई,

अकरा दिवस उरले होते.

मनोज

*

मखमलाबाद
२२ सप्टेंबर २००२

मनोज,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. त्यावर काही लिहीत नाही. मला काय वाटलं ते तुला कळतं, म्हणून तर तू एकच ओळ लिहिलीस.

आता निराळंच उभं राहिलंय. आजपासून पितृपक्ष लागला. आई सवाष्ण गेली, म्हणून तिचं पान अविधवा नवमीला, पुढच्या सोमवारी. काल आप्पा आपणहून स्वयंपाकघरात आले. किती दिवसांनी आले. मी खीर, वडे, भोपळ्याची भाजी, अळूची भाजी असं मोजत होते. ते म्हणाले, "त्या शेवया पण कर. तिकडच्या."

मी म्हटलं, आप्पा, पितरांच्या पानावर कुणी परदेशी शेवया ठेवतं का? आत्या काय म्हणेल? ते म्हणाले, "अक्काला मी बघतो. सखूला दाखवायचं राहिलंय."

मनोज, त्यांना वाटतंय की एवढं चांगलं आपण एकट्यानं खाल्लं, तिला चाखवलं नाही. काय बोलू मी? आईच्या पानावर तेच ठेवायचं, जे खाऊन तिला दिलेला शब्द मोडला? मी भाज्यांच्या पाण्यात करणार हे खरं. आईला त्यात विटाळ होणार नाही. पण मला माहीत आहे ना ते काय आहे. मी ते पान कोणत्या हातानं वाढू?

चक्रीफूल संपलंय म्हटलं, तर त्यांनी खिशातून पुडी काढली. स्वतः नाशकात जाऊन रविवार कारंजावरून आणलं होतं.

तुझं उत्तर येईपर्यंत नवमी होऊन गेली असेल. तरी लिहिलं. कुणाला तरी सांगायचं होतं आणि हे सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

ताई

*

मखमलाबाद
ता. २ ऑक्टोबर

चि. मनोज यास आप्पाचा आशीर्वाद.

मी स्वतःच्या हातानं लिहितोय. अक्षराला हसू नको. सातवीनंतर बाजाराच्या चिठ्ठीशिवाय काही लिहिलं नाय.

परवा नवमी झाली. सकाळी साधना सोऱ्या घेऊन बसली. शेजारी मुळा, गाजर चिरून ठेवलेलं. मी म्हटलं, पोरी, मुळा काढ. तिथं करतात तसं कर. ती म्हणाली, तसंच करते आप्पा. मी म्हटलं, नाय. कोंबडीची हाडं आणलीत खाटकाकडून, परसात तुझ्या आईच्या जुन्या चुलीवर मी पाणी चढवलंय. तू फक्त शेवया दे.

ती सोऱ्या हातात धरून बघत राहिली. मग रडाय लागली. तेव्हा मला कळलं की तिला म्हाईत हाय, आणि तू तिला लिहिलंय.

मनोज, तू समजतो की तू मला फसवलं. चाळीस वर्षं कोंबडी खाल्लेला माणूस मी. मला तो रस्सा कळणार नाय? पहिल्या घोटाला कळलं. वाडगा खाली ठेवणार होतो. पण तू समोर बसला होता, आणि तुझी आई तुला भरवताना जसं तोंड उघडं टाकून बघायची तसं माझ्या तोंडाकडं बघत होता. मी गिळलं.

इथवर लिहून थांबलो असतो तर मी लय चांगला बाप झालो असतो. पण ते खरं नाय. पहिला वाडगा तुझ्यापायी असंल. दुसऱ्या दिवशी मी आपल्या पायानं गेलो. मला ते लागत होतं चांगलं. सोळा महिने मी जे गिळून बसलो होतो ते सगळं त्या वाडग्यात होतं. सकाळी जुड्या बांधाय बसायचो तेव्हा त्या बाईचं सोललेल्या कोंबड्यांचं टोपलं माझ्या पायाशी असायचं. मी त्याच्याकडं पाठ करून बसायचो आणि मनाशी म्हणायचो, पोरगा म्हणतो भाज्यांचं हाय. तुझ्या खोट्याला धरून मी अठरा दिवस जेवलो. पाप तुझ्या नावावर टाकलं आणि चव मी घेतली.

घरी आलो तर अक्का गावभर माझ्या शब्दाची दवंडी पिटत होती. सखूच्या फोटोखाली घास उतरंना, म्हणून ओट्यावर बसाय लागलो. साधनाला वाटलं मला तिकडची आठवण येतेय. तिनं विचारलं, पाण्यात काय असतं, तेव्हा मी म्हटलं मनोजला विचार. तेव्हा तरी मी सांगायला पाहिजे होतं. पुन्हा तुझ्यावरच ढकललं.

म्हणून नवमी. पान वाढलं, परसाच्या भिंतीवर ठेवलं. त्यात ती वाटी मी माझ्या हातानं ठेवली. टोपी काढली. म्हटलं, सखू, तुला दिलेला शब्द मोडला. पोरानं नाय, मी मोडला. काय खाऊन मोडला ते हे बघ. अक्का मागं उभी होती. ती काय बोलली ते लिहीत नाय. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाय, घर जरा शांत हाय.

कावळा लगेच आला. वाटीच्या काठावर बसला. मान वाकडी करून आत बघितलं. एकदा ह्या डोळ्यानं, एकदा त्या डोळ्यानं. चोच लावली नाय. मग वडा उचलला आणि गेला.

तुझी आई अशीच. मी घोटीच्या बाजारातनं काही आणलं की पिशवीत डोकवायची, हात लावायची नाय. पण माझ्यावर रागावून ती कधी उपाशी झोपली नाय. रागावलीय हे खरं. पण वडा घेतलाय.

ती वाटी मी कुत्र्याला घातली. हात धुतले. शब्द पुन्हा दिलाय. या वेळी कावळ्याला नाय, फोटोपुढं बसून, कुणी ऐकाय नसताना. मग आत पाटावर बसून जेवलो. दोन भाकरी. साधनाला विचार.

तुला एक काम सांगतो. जोगिणींच्या खाणावळीचं साधनानं मला सांगितलं. तू तिथं जा. एकदा बसून जेव. आणि कसं लागलं ते मला लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नको. जसं असंल तसं लिही.

रंगूबाईला सांग, पाऊसकाळात पुदिन्याच्या बुडाला ओलं फडकं लावायचं नसतं, सडतो. ते सांगायचं राहून गेलं.

तुझा,
आप्पा

*

हो ची मिन्ह सिटी
२० ऑक्टोबर २००२

तीर्थरूप आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. मी ते खाली रंगूबाईच्या स्टुलावर बसून वाचलं. तिनं काही न विचारता समोर चहा आणून ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. पुदिन्याचं तिला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला आणि लगेच सगळी फडकी सोडली.

आज रविवार. सकाळी जोगिणींच्या खाणावळीत जाऊन आलो.

आप्पा, तासाभराचा रस्ता नाही तो. त्या फिटरनं लांब आहे एवढंच सांगितलं होतं, तास मी मनानं धरला आणि ताईला तसंच लिहिलं. कधी कुणाला विचारलं नाही. माझ्या गल्लीच्या तोंडाशी बस मिळते. पस्तीस मिनिटं लागली. उतरल्यावर देऊळ समोरच दिसतं.

देवळाच्या बाजूला पत्र्याखाली तशीच बुटकी स्टुलं आहेत. वाढणाऱ्या बायकांची डोकी तुळतुळीत, अंगात राखी रंगाचे कपडे. एकीला मी माझ्या मोडक्या भाषेत विचारलं की पाण्यात काय असतं. ती मला हाताला धरून आत घेऊन गेली आणि पातेल्याचं झाकण काढून दाखवलं. मुळा होता, गाजर होतं, भाजलेलं आलं होतं. शिवाय वाळवलेली अळंबी, मूठभर. ते मला माहीत नव्हतं. ताईला पाठवतो.

पाल्याची ताटली तशीच. पुदिना आवळून बांधला होता, मधली पानं काळी पडली होती. तुम्ही असता तर उठून गेला असता.

तुम्ही म्हणालात जसं असेल तसं लिही. मी सावकाश जेवलो. चांगलं लागू नये असं मला आतून वाटत होतं. म्हणजे रंगूबाईच्या पातेल्याशिवाय दुसरा इलाज नव्हता, असं तुम्हाला लिहिता आलं असतं.

आप्पा, त्या पाण्याला बूड होतं.

आपला,
मनोज